हुबेहूब

दौलतराव पेंटर इतकं हुबेहूब काढायचे, की त्यांनी रंगवलेल्या गुळाच्या ढेपेला मुंग्या लागत. पण त्यांच्याच पोरीनं वारलेल्या पाटलांचं चित्र म्हणून नुसते लाल भोवरे आणि एक वाकडी काळी रेघ काढली, तेव्हा ते भडकलेच.

“उल्के, आज पाटलांची थोरली सून येतीय. तिनं हे ओळखलं नाही, तर उद्यापासून माझ्यासारखी माणसं काढायची!”

“आणि ओळखलं तर?”

“तर ब्रश मी टाकीन!”

सूनबाई आल्या. दौलतरावांनी काढलेल्या पाटलांच्या चित्रासमोर ऐसपैस मांडी घालून बसल्या. “अगंबाई! मिशीचा केस न् केस तोच की! मामंजींचा फेटासुद्धा जरीसकट उतरवलाय,” म्हणत निवांत सुपारी कातरत राहिल्या.

उल्कानं आपल्या चित्रावरचं फडकं ओढलं.

सूनबाईंच्या हातातला अडकित्ता खाली पडला. त्या ताडकन उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. “चुकलं, मामंजी!”

“काहीतरीच काय, वैनी!” दौलतराव हसत त्या वाकड्या रेघेकडे वळले आणि हातातली पेटती बिडी त्यांनी झटकन पाठीमागं लपवली.