सुताराबद्दल दोन शब्द

चर्चच्या पाळकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सरळच विचारलं, "तुमच्या शेजारच्या सुताराबद्दल काय मत आहे तुमचं?"

किल्लीवाल्याच्या हातातली कानस थांबली. मंडळीच्या पंचांत एक जागा रिकामी होती. नेमणुकीआधी पाळक एका घरी जातात आणि त्या घरच्याचं नेमकं ज्याच्याशी वाकडं त्याच्याबद्दल विचारतात, हे तो ऐकून होता. म्हणजे सुतार पंच होणार तर!

दोघांचं हाडवैर. चर्चचं मोठं दार सुतारानं केलं, कुलूप यानं बसवलं, आणि दार अडकायला लागलं. हा म्हणे दार वाकडं, तो म्हणे कुलूप. तेव्हापासून बोलणं बंद.

आता एक वाक्य पुरे होतं. 'भांडकुदळ आहे' म्हटलं की सुताराचा पत्ता कट. शिवाय ते खोटंही नव्हतं. शब्द अगदी जिभेवर आला होता.

तेवढ्यात आतून बायको खोकली, आणि त्यानं तो शब्द गिळला.

"तोंडाचा फटकळ आहे," तो म्हणाला. "पण हिला न्यूमोनिया झाला होता ना, तेव्हा ही बरी होईपर्यंत त्यानं करवतीचं मशीन बंद ठेवलं. हातकरवतीनं कापत बसला. गिऱ्हाइकं ओरडून गेली, पण कारण कुणाला सांगितलं नाही. मला आपलं भिंतीपलीकडून कळलं."

"आभार मानलेत?"

"बोलणंच बंद, तर मानणार कसे?" किल्लीवाला ओशाळला. "त्यालाच नेमा. माझ्यापेक्षा शंभर पटींनी बरा माणूस आहे. दार मात्र वाकडंच आहे हं!"

पाळक हसले आणि निघाले.

"काय सांगितलंत हो?" बायकोनं बाहेर येऊन विचारलं.

"पायावर धोंडा पाडून घेतला. आता पंच होऊन तो माझ्या डोक्यावर मिरे वाटणार."

"मग हसताय कशाला?"

ते त्यालाही कळत नव्हतं. फार हलकं वाटत होतं, एवढं खरं.

रविवारी उपासना संपली आणि पाळक उभे राहिले. किल्लीवाला टाळ्या वाजवायच्या तयारीत बसला. आज सगळ्यांदेखत सुताराचे आभार मानायचे, असं तो ठरवूनच आला होता.

"किल्लीवाले, जरा पुढे या."

दार पुन्हा अडकलं वाटतं! आणि तेही आजच! मागच्या बाकांवर हशा पिकला. त्यानं अवजारांची पिशवी उचलली आणि मान खाली घालून पुढे गेला. पहिल्या बाकावर बसलेला सुतार गालात हसत होता.

"पिशवी ठेवा खाली," पाळक म्हणाले. "ज्याला पंच नेमायचं, त्यालाच आपण त्याच्या वैऱ्याबद्दल विचारतो. या, पंच!"

पहिली टाळी सुतारानं वाजवली. नाव सुचवलं होतं तेही त्यानंच.