वनमालाच्या कानटोप्या

पाचवी कानटोपी सुईवरून उतरली आणि सहदेव परबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

बाहेर भादव्याचं ऊन रणरणत होतं. चारकोपात माणसं गंजीफ्रॉकसुद्धा नाइलाजाने घालत होती, आणि त्यांची बायको पंख्याखाली बसून लोकर विणत होती. मोबाईलवर कुणी बाई झटपट होणाऱ्या भेटवस्तू शिकवत होती. वनमाला तिच्याही पुढे निघून गेली होती. सकाळी कानटोपी, दुपारी मफलर, दिवेलागणीला पाण्याच्या बाटलीचं झबलं.

"एवढं कुणासाठी गं?"

"द्यायचंय एकेकाला. वेळ कमी आहे," ती म्हणाली आणि पुन्हा टाके मोजू लागली.

वाटी परत कधी मिळेल हे विचारल्याशिवाय वनमालाने शेजारी कधी साखर दिली नव्हती. ती आता जिना चढून-उतरून, दारोदार जाऊन लोकर वाटत होती. तळमजल्यावरच्या राजाराम सावंताशी पार्किंगवरून त्यांचं बोलणं बंद होतं. त्यालाही मफलर गेला, तोही दुहेरी विणीचा.

माणूस एकाएकी एवढा प्रेमळ का होतो? सहदेवांनी खूप डोकं खाजवलं, पण कारण एकच सापडलं. वनमालाच्या मावशीने असंच एकदा सगळ्या भाच्यांना बोलावून साड्या वाटल्या होत्या. पुढच्या महिन्यात तिचं तेरावं झालं.

त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना. वनमाला दुपारी "जरा जाऊन येते" म्हणून कुठेतरी जायची आणि दमून परतायची. एकदा तर ती फोनवर दबक्या आवाजात सांगत होती, "यांना आत्ताच सांगू नका. धक्का बसेल." सहदेवांनी दाराचा पडदा इतका घट्ट धरला की दोन कड्या निसटल्या.

तिच्या वाटण्याला एक विचित्र शिस्तही होती. दुसऱ्या मजल्यावर तान्ह्या बाळाचं बिऱ्हाड नवं आलं होतं. त्यांना काहीच नाही. का, तर ते भाड्याने राहतात. समोर पाच माणसं, पण त्यांना कानटोपी एकच. का, तर एका घराला एक. सगळ्यांपर्यंत पोचायला हवं. सहदेवांनी तिला लोकरीचा गुंडा उचलून दिला. जाणाऱ्या माणसाशी हुज्जत कसली घालायची?

मग अपराधी वाटायला लागलं ते गळतीचं. घर गच्चीखालचं, आणि पाणी नेमकं गॅसच्या शेगडीवर ठिबकायचं. घर दोघांच्या नावावर असलं तरी गळती एकट्या वनमालाच्या डोक्यावर होती. सहदेव सोसायटीचे अध्यक्ष. इतकी वर्षं बिनविरोध, कारण त्या खुर्चीत दुसरं कुणी बसायला धजलंच नव्हतं. अध्यक्षाच्या घरचं काम शेवटी, हे त्यांचं तत्त्व. त्यामुळे वनमालाने इतके पावसाळे एका हातात छत्री धरून भाकऱ्या थापल्या होत्या.

ते स्वतः ताडपत्री घेऊन गच्चीत चढले, घसरले, कोपर सोलून खाली आले.

"राहू द्या हो," वनमाला हळद लावत म्हणाली. "आता लवकरच सगळं ठीक होईल."

सहदेवांनी तोंड फिरवलं. हळद झोंबत असावी असं तिला वाटलं.

सोसायटीला सगळं कळलं होतं, यात शंका नव्हती. जिन्यातल्या गप्पा ते दिसले की थांबायच्या. सेक्रेटरी हर्षद राणे नजर चुकवायचा. लोक त्यांच्या हातातली भाजीची पिशवी काढून घ्यायचे. आणि एके दिवशी चक्क राजारामाने गेटपाशी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सहदेवा, मन घट्ट कर. ह्यां कधीतरी होवचांच होतां."

सहदेव त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. राजाराम जरा गडबडला. इतकं त्यालाही अपेक्षित नव्हतं.

वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी सहदेवांना राहवेना. ते वनमालासमोर खुर्ची ओढून बसले. आजाराचं नाव काही तोंडातून फुटेना.

"तुला काही हवंय का? काहीही सांग."

वनमालाने सुया खाली ठेवल्या. "उद्या सभेला वेळेवर या. आणि माझ्यावर रागावू नका."

"रागावेन कशाला? तुझ्या हातात आहे का ते?"

"आता नाहीच माझ्या हातात." तिने त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "उद्यानंतर तुम्हाला वेळच वेळ असेल. चहा करायला शिकून घ्या."

म्हणजे रविवारची सभा उरकली की सोमवारी इस्पितळात भरती व्हायचं असणार. सहदेवांनी मनाशी काहीतरी ठरवलं.

सभा पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, घामाच्या धारा, आणि तशातही दोघा-तिघांच्या गळ्यात मफलर. विषयपत्रिका वाचायला हर्षद उठला, तेवढ्यात सहदेव उभे राहिले.

"मंडळी, वनमालाबद्दल तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिने मला सांगितलं नाही, पण मी ओळखलं. माझी काळजी करू नका. मी फक्त हात जोडून एवढंच मागतो, की आज तुम्ही सगळे तिच्या पाठीशी उभे राहा."

एवढं बोलून ते खाली बसले.  मग कुणीतरी डोळे पुसले, आणि राजारामाने पहिली टाळी वाजवली.

हर्षदचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला.

"काका, मानलं तुम्हाला. आम्ही उगाच घाबरत होतो," तो म्हणाला आणि सभेकडे वळला. "मग आता मतदान कशाला हवं? नव्या अध्यक्षा, वनमाला परब. बिनविरोध. सूचक, सहदेव परब."