विश्वासास पात्र

खाणीच्या तोंडाशी असलेल्या पत्र्याच्या खोलीत, पडद्यावर पुन्हा तेच शब्द उमटले : ‘निरोप नाकारला.’

“म्हणजे जिवंत आहे!” मुकादम ओरडला. छत कोसळल्यापासून त्याचा पाठचा भाऊ आत अडकला होता. खणायचे कोणत्या बाजूने, हे सांगू शकणारा तोच एक होता.

“जिवंत आहे,” अभियंत्याने मान्य केले. “पण त्याचा बिनतारी संच विश्वासास पात्र नाही.”

खाणीत संदेश पकडणारा मनोरा नव्हता. कामगारांच्या कमरेचे संचच एकमेकांचे निरोप हातोहात बाहेर पोचवत. आणि शेजारचा संच निरोप पुढे सरकवतो की गिळतो, यावर प्रत्येक संच पाळत ठेवी. ढिगाऱ्याखालच्या संचाने सकाळपासून कुणाचाही निरोप पुढे नेला नव्हता. शेजाऱ्यांनी एकमताने त्याला वाळीत टाकले होते.

“साहेब, माझ्या सख्ख्या भावासाठी मी आता कुणाची शिफारस आणू?”

“शिफारस चालत नाही. त्याने इतरांचे निरोप पोचवले, की पत आपोआप सुधारते.”

“मग द्या ना त्याला एखादा निरोप!”

“अविश्वासू संचाकडे निरोप जात नाही.”

मुकादमाने पडद्यावर बोट आपटले. “अहो, मग त्याची वाट तुम्ही हातानं उघडा की!”

“तशी सोय ठेवलेली नाही. ठेवली असती, तर ती घुसखोराच्याच कामी आली असती.” अभियंत्याच्या आवाजात, निव्वळ सवयीने, अभिमान डोकावला. मग तो खालच्या सुरात म्हणाला, “सारखा हाका मारतोय ना, त्यानंच जास्त बिघडतंय. नाकारल्यावरही जो थांबत नाही, त्याला यंत्रणा उपद्रवी धरते. बराच वेळ गप्प राहिला, तर जुने दोष माफ होतात.”

“आणि हे त्याला कळवायचं कुणी?”



दुपारभर नकार उमटत राहिले. आधी दाटीने, मग तुरळक. मग उमटेनासे झाले. बाहेर पहारींचे घाव अंदाजाने पडत होते.

दिवस कलताना पडद्यावरची लाल खूण हिरवी झाली. ‘संच विश्वासास पात्र.’ यंत्रणेने आपण होऊन जोडणी दिली आणि खोलीत ढिगाऱ्याखालून फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज येऊ लागला, अगदी स्वच्छ.

मुकादमाने माइक ओढून घेतला.

“बोल रे बाळा,” तो म्हणाला. “आता सगळे ऐकतायत.”