सरड्याचा निळा

भोसरीत सगळ्यांची मुलं कंपनीत असतात, म्हणून अण्णा माझ्याबद्दलही तेच सांगायचे. मुलगी चाकणजवळच्या माळावर सरड्यांचा अभ्यास करते, हे सांगायला त्यांना लाज वाटायची. परवा स्कूटी बंद पडली, तेव्हा अण्णाच मला माळावर सोडायला आले. दगडावर मातकट सरडा बसला होता. “ह्याच्यासाठी शिकवलं तुला?” ते पुटपुटले. तेवढ्यात समोर दुसरा नर आला. सरड्याने मान उंच केली आणि गळ्याखालचा पंखा उघडला: निळा, काळा, केशरी. आयुष्यभर गाड्या रंगवणारे अण्णा भर उन्हात उकिडवे बसले. “असला निळा मला कधी जमला नाही,” एवढंच म्हणाले. आज अण्णांच्या गॅरेजात माझं हेल्मेट रंगवून टांगलेलं होतं: निळं, काळं, केशरी. “पोरीचं दिसतंय. कुठल्या कंपनीत आहे?” गिऱ्हाइकाने विचारलं. अण्णांनी मान उंच केली. “कंपनीत नाही. माझी पोरगी सरडे बघते.”