बाबांच्या बाजूचा ब्रेक

बाबांनी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली, तीही शेजारच्या सीटवर बसून, स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकच्या भरवशावर. तो ब्रेक नसलेल्या गाडीत बसायची वेळ आली की त्यांचे गुडघे नेमके दुखायला लागत. लेकीच्या जुन्या गाडीत ते एकदाही बसले नाहीत. नव्या गाडीत मात्र तिने त्यांना जवळजवळ ओढूनच बसवलं.

कोपऱ्यावर एक सायकल अचानक आडवी आली. बाबांनी सवयीने पाय आपटला आणि गाडी जागच्या जागी थांबली. लेकीचा पाय अजून ब्रेकपर्यंत पोचलाही नव्हता.

"अगं, इकडेही ब्रेक आहे? सांगायचं नाही का!" बाबांचा चेहरा फुलला.

"तुमच्यासाठीच खास बसवून घेतलाय," लेक म्हणाली.

बाबांनी वाकून पायाखालचं मॅट उचललं. खाली काहीच नव्हतं. समोरच्या पडद्यावर सूचना लुकलुकत होती: ब्रेक गाडीने लावला आहे. त्यांनी ती दोनदा वाचली, मॅट होतं तसं नीट पसरलं आणि सीट मागे झुकवून घेतली.

"छान बसवलाय हं," डोळे मिटत ते म्हणाले. "आता घर आलं की उठव."