बोटभर माया

धाकट्या नणंदेचं लग्न झालं त्या वर्षी सासूबाईंनी आपले जुने, पिवळे पडलेले कागदी नमुने सुनेला शिवण शिकायला दिले. "कापडावर ठेव आणि बरोबर कडेनं काप," एवढंच सांगितलं.

सुनेचा प्रत्येक ब्लाउज काखेत आवळायचा. "कागदातच काही चुकतंय का हो, आई?" तिनं एकदा विचारलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" सासूबाई आल्यागेल्यासमोर हसायच्या.

माहेरपणाला आलेल्या नणंदेनं तिला कापताना पाहिलं. "अगं वहिनी, शिवणीसाठी माया सोडली नाहीस? या नमुन्यांत ती धरलेली नसते, बोटभर कापड जास्त ठेवायचं. आईनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं."

सुनेनं पुढचं कापड बोटभर सोडून कापलं. त्यानंतर तिचं शिवण कधी चुकलं नाही.

पुढं आजारपणात सासूबाईंच्या अंगावर सूज चढली. त्यांनी नवा ब्लाउज मागितला. सुनेनं तेच कागद काढले आणि बरोबर कडेनं कापलं.

"फार आवळतोय गं. जरा उसवून सैल कर."

"उसवून काय होणार, आई? आत मायाच नाही."

 

सासूबाई त्याच हिवाळ्यात गेल्या. अंगात तोच ब्लाउज होता.