वरची बैठक

“चला ज्योतीराम, आपण वर बसू,” बबनराव म्हणाले आणि स्वरूपानं चटकन नवऱ्याकडे पाहिलं.

बसणे हा शब्द तसा निरुपद्रवी. पण एका पुरुषानं दुसऱ्याला ‘बसू’ म्हटलं की त्याचा खुर्चीशी काही संबंध राहत नाही. जत्रेच्या घरात तर नाहीच नाही. ज्योतीरामनं बायकोकडे एकदा पाहिलं, पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि तो बबनरावांच्या मागोमाग जिना चढून गेला. वर दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.

गाव चाकणच्या पलीकडचं. इथं जत्रेच्या पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना मटण. आज दुसरा दिवस होता. दारापुढच्या मांडवात पंगतीमागून पंगत उठत होती. कंपनीतले, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे. यातले निम्मे यजमानाच्याही ओळखीचे नसतात. जेवून हात धुताना ते आपलं नाव सांगतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. कोण जेवलं यापेक्षा किती जेवले यावर घराची अब्रू ठरते.

बबनराव ज्योतीरामच्याच कंपनीत, त्याच्याच लाइनवर कामाला होते. त्यांनी जत्रेला बोलावलं तेव्हा मोशीच्या खोलीत नवराबायकोची चांगलीच जुंपली होती. जाऊ नका, असं स्वरूपा परोपरीनं सांगत होती. त्यांना नाही म्हणता येणार नाही, एवढंच ज्योतीराम म्हणत राहिला. नेमकं हेच वाक्य तिच्या डोक्यात गेलं. ह्या वाक्यानंच त्याची आधीची नोकरी खाल्ली होती. मित्राला नाही म्हणता येत नाही, सुपरवायझरला नाही म्हणता येत नाही. मग एक दिवस तो पिऊनच शिफ्टला गेला आणि दुपारी घरी बसला तो ही नवी नोकरी मिळेपर्यंत बसलाच. गणपतीपासून मात्र त्यानं थेंब तोंडाला लावला नव्हता. तेव्हाच तिनं बजावलं होतं, पुन्हा प्यालात तर लेकीला घेऊन मी औशाला माहेरी जाईन. स्वरूपा बोलेल ते करणारी बाई होती. आता तिला नवऱ्याची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त स्वतःच्या शब्दाची वाटत होती.

सुमनताईंनी, म्हणजे बबनरावांच्या बायकोनं, तिला आतल्या खोलीत पाट दिला. बाजरीची गरम भाकरी, काळ्या मसाल्याचा रस्सा, वाटीत मटणाचं बिनतिखट अळणी पाणी, वर लिंबू नि कांदा. वास असा की एरवी तिनं तीन भाकऱ्या चुरल्या असत्या. आज घास तोंडात फिरत होता. सुमनताई पातेलं घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवरच बसल्या होत्या आणि तिथूनच वाढत होत्या. लाजू नको, घे, औशाकडं असा रस्सा मिळायचा नाही, म्हणत होत्या. हसत होत्या, पण नजर दाराकडे.

तेवढ्यात चारपाच जण आत डोकावले. डोक्यावर फेटे, डोळे आधीच लाल, एकाच्या हातात जड पिशवी. बबनराव कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. ते कुस्त्यांच्या आखाड्याकडे गेले, असं सुमनताईंनी पापणीही न हलवता सांगून टाकलं. मंडळी गेली. थोड्या वेळानं दुसरी टोळी आली. तिलाही तेच उत्तर.

आता स्वरूपाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे नवरा वर ढोसतोय आणि बायको खाली पहारा देतेय! एकाच माळेचे मणी. वाटेकरी नकोत म्हणून ही गावाशीही खोटं बोलतेय. काय तो पाहुणचार, आणि त्यात आपलं घर बुडणार.

वरून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. बबनराव मोठ्यानं काही बोलले, ते नीट कळलं नाही. मग ज्योतीरामचा आवाज आला, समजावणीचा, लाडीगोडीचा.

“थोडंच राहिलंय आता, बबनराव. थोडंच.”

तिनं तो सूर ओळखला. बाटली संपत आली की तो असाच बोलायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. स्वरूपाच्या डोळ्यांपुढे औशाची एसटी उभी राहिली. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. भरल्या ताटावरून उठू नये हे तिला आईनं शिकवलं होतं, तरी ती उठली. खरकट्या हातानंच जिन्यापाशी गेली.

सुमनताई पायरीवरून हलल्या नाहीत. त्यांनी पातेलं बाजूला सरकवलं आणि कठड्याला हात आडवा लावला.

“ताई, आमच्या मालकांना खाली बोलवा,” स्वरूपा म्हणाली. “त्यांनी सोडलीय. लई हाल काढून सोडलीय. तुमच्या पाया पडते, त्यांना पाजू नका.”

सुमनताईंनी दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नाही याची खात्री केली. मग त्यांनी स्वरूपाचा खरकटा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

“मला ठावं हाय. म्हनून तर त्याला बोलीवलं,” त्या हळूच म्हणाल्या. “आमच्या ह्यांनी सोडून आठवडाबी न्हाई झाला. ह्या लोकांना कळलं तर वढून न्हेत्याल, बळंच पाजत्याल. सांज होऊ दे, पाव्हणं आपापल्या गावाला जाऊ देत, तवर तुजा नवरा ऱ्हाऊ दे वर. त्यो खाली आला, की माजा गेला.”